वर्षाचा ताळेबंद – ४ : मथळे आणि मासळी

मागच्या लेखांकात २०२५ मधली युद्धे आणि युद्धबंदी यांचा हिशेब मांडला. आज त्याच वर्षाकडे मुंबईच्या खारदांडा कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून पाहू. जगाची बातमी सामान्य घरात शिरते ती तेल, हवामान आणि बाजारभाव या तीन वाटांनी, आणि मासेमारीच्या धंद्याला या तिन्हींची झळ थेट लागते. म्हणून हा कोळीवाडा. वर्षातल्या गाजलेल्या बातम्या इथे एकेक करून तपासल्या, की मथळ्याचा आकार आणि परिणामाचा आकार यांचा मेळ बसत नाही. नुसते मथळे जोडून केलेला वर्षाचा आढावा त्यामुळेच दिशाभूल करतो.

आधी सर्वांत मोठे मथळे घेऊ. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि बारा दिवस होर्मुझच्या सामुद्रधुनीचे नकाशे पहिल्या पानावर झळकत राहिले. क्रूड तेल पिंपामागे ७० डॉलरवरून ८० च्या आसपास गेले आणि महिना संपायच्या आत खाली आले. आपल्या पंपावरचा डिझेलचा दर मात्र हलला नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी असल्याने दांड्यातल्या बोटी त्या दिवसांत शाकारलेल्याच होत्या. दुसरा मथळा अमेरिकी आयातशुल्काचा. ७ ऑगस्टला, ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, २५ टक्के शुल्क लागू झाले आणि २७ ऑगस्टला ते ५० टक्क्यांवर गेले. अमेरिका ही भारतीय कोळंबीची सर्वांत मोठी बाजारपेठ, त्यामुळे ‘मच्छीमार संकटात’ असे सरसकट लिहिले गेले. पण तिकडे जाते ती मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढवलेली व्हेनामी कोळंबी. दांड्याची मासळी समुद्रातली, आणि ती खपते मुंबईच्याच बाजारात, कोळणीच्या पाटीसमोर घासाघीस होऊन. अडकलेली निर्यात देशी बाजारात उतरून भाव पाडू शकते, हे खरे. पण तो फटका वळसा घेऊन येणारा. पहिला घाव आंध्रच्या तळेवाल्यावर पडला, दांड्यावर नव्हे.

याउलट २६ मेची बातमी पाहा. त्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता, आधीचा विक्रम २९ मेचा. शहरासाठी ही बातमी म्हणजे तुंबलेले रस्ते आणि रखडलेल्या लोकलगाड्या. कोळीवाड्याचा हिशेब निराळा असतो. मे महिना हा बांबूवर ओळीने टांगलेले बोंबील आणि उन्हात पसरलेला जवळा यांचा; पावसाळ्याचे दोन महिने घर चालते ते याच सुक्यावर. बोंबील पुरता वाळायच्या आत भिजला, की त्याला वास सुटतो आणि घातलेली मेहनत खतात जाते. बंदीची तारीख सरकार ठरवते, पण हंगाम त्याआधीच पावसाने मिटवला. एका वर्षाच्या पावसावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. माझा मुद्दा तेवढ्यापुरता नाही. २३ जुलैला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानरक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे मत दिले, पण बंदीच्या, विम्याच्या, भरपाईच्या तारखा जुन्याच पंचांगाने चालतात. मेमधला पाऊस आणि न्यायालयाचे हे मत या दोन बातम्या एकत्र वाचल्या गेल्या नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित बातमी १५ सप्टेंबरची. त्या दिवशी जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांविषयीचा करार अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि अतिउपशाने खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान देण्यास तो मनाई करतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. मग दांड्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. आजच्यापुरते फारसे काही नाही. पण बोटींची संख्या आणि क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांवर दुसऱ्या टप्प्याची वाटाघाट अडलेली आहे आणि इंधन हा तिचा गाभा आहे. महाराष्ट्रात मच्छीमार सोसायट्यांमार्फत मिळणारा डिझेलवरचा करपरतावा उद्या याच चर्चेच्या कक्षेत येऊ शकतो. विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत हवी, ही भारताची मागणी त्यासाठीच आहे. दूरच्या समुद्रात जाणारी परदेशी महाकाय जहाजे आणि दांड्याची बोट यांना एकच माप लावायचे का, हा त्यातला खरा प्रश्न.

असा हिशेब मांडणे म्हणजे गाझातल्या मृत्यूंना कमी लेखणे नव्हे का? नाही. माणसाच्या दुःखाचे वजन त्याचा परिणाम आपल्या दारात किती पोचला यावर ठरत नाही, आणि ती बातमी पहिल्या पानावरच हवी. पण शोक आणि समज ही दोन कामे आहेत. पहिले केले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. समजेचे काम कुठे राहून जाते ते मासेमारी अनुदानांच्या त्या करारातच दिसते. त्यात एक कलम आहे: अमलात आल्यापासून चार वर्षांत सर्वंकष नियमांवर एकमत झाले नाही, तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याखेरीज करार संपुष्टात येईल. म्हणजे सप्टेंबर २०२९. ती तारीख वाचकांनी आजच कॅलेंडरवर टिपून ठेवावी. त्या दिवशी पहिल्या पानावर ती सापडेलच असे नाही.