खेळांतील जपान आणि अंगणांतील किल्ला

श्रोतेहो, संगणकावरील खेळाचें नांव निघालें कीं आम्हां जुन्या शिक्षकांच्या कपाळास आठी पडते. उलवे येथें माझा नातू जपानी लढायांचा एक खेळ खेळतांना प्रथम पाहिला, तेव्हां माझीहि तीच गत झाली. परंतु चार संध्याकाळीं त्याच्या शेजारीं बसलों आणि माझें मत पालटलें. तें कां, हें आज सांगावयाचें आहे.

'शोगुन : टोटल वॉर' हा खेळ इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेनें २००० सालीं काढला, त्याचा दुसरा भाग २०११ सालीं निघाला. विषय सोळाव्या शतकांतील जपानचा. सम्राट नांवाचा धनी, शोगुन म्हणजे सेनाधिपति दुर्बळ, आणि दाइम्यो म्हणविणारे सरदार एकमेकांशीं झुंजत आहेत. खेळणारा त्यांपैकीं एका घराण्याचा प्रमुख होतो.

या खेळाची खरी करामत आहे ती वातावरणांत. दुसऱ्या भागांतील नकाशा पाहा. जो मुलूख आपण अद्याप पाहिला नाहीं, तो जुन्या कागदावर शाईनें काढलेल्या चित्रासारखा दिसतो. आपलीं माणसें पुढें सरकलीं म्हणजे तेथें डोंगर व रानें प्रकट होतात. आपलें अज्ञानच जणूं चित्ररूप झालें आहे! प्रत्येक डाव म्हणजे एक ऋतु. परमुलुखांत हिमांत अडकलेली फौज न लढतांच झिजते. पावसांत बंदुकांचा भरंवसा उरत नाहीं. कारण त्या तोड्याच्या बंदुका, आणि भिजलेला तोडा पेटणार कसा? ही विद्या १५४३ सालीं पोर्तुगीजांनीं तानेगाशिमा बेटावर नेली. हेच पोर्तुगीज त्या वेळीं आपल्या गोव्यांत व चौलास ठाण मांडून होते. पुढें १५७५ सालीं नागाशिनो येथें ओदा नोबुनागाच्या बंदूकवाल्यांनीं लांकडी कुंपणाआडून ताकेदांच्या घोडदळाचा मोड केला.

मला सर्वांत विचार करावयास लावलें तें मात्र खजिन्यानें. तेथें द्रव्य 'कोकु' या मापानें मोजतात. एक कोकु म्हणजे सुमारें १८० लिटर तांदूळ, एका माणसाचें वर्षाचें अन्न. आपल्याकडे कोंकणांत भात खंडीनें मोजीत, तसेंच हें. नातवानें एके दिवशीं विचारलें, "आजोबा, सगळेच लढायला गेले तर भात कोण लावणार?" श्रोतेहो, मीं अनेक वर्षें इतिहास शिकविला. मुलांना सनावळ्या पाठ झाल्या. परंतु पावसाळा संपवून दसऱ्यासच आपल्या फौजा सीमोल्लंघनास कां निघत, हा प्रश्न कोणा मुलाच्या मनांत मीं उत्पन्न केल्याचें स्मरत नाहीं.

खेळांत उणेंहि आहे, तें लपविणें योग्य नव्हे. कोकु दिसतो, पण तो पिकविणारा कुणबी दिसत नाहीं. सहस्र माणसें पडतात, तो केवळ एक आंकडा होतो. घरीं रडणारें कोणी नसतें. शिवाय येथें कोणतेंहि घराणें विजयी होऊं शकतें. प्रत्यक्षांत १६०० सालीं सेकिगाहाराची लढाई जिंकून १६०३ मध्यें शोगुन झाला तो तोकुगावा इएयासु. म्हणून खेळास इतिहास समजूं नये. इतिहासाकडे नेणारी ती एक वाट आहे, आणि त्या वाटेवर कोणा वडील माणसानें सोबत असावें.

गेल्या दिवाळींत आमच्या इमारतीच्या अंगणांत मुलांनीं मातीचा किल्ला केला. इतर मुलें मावळे मांडावयास अधीर झालीं होतीं. आमचे चिरंजीव आधीं पाण्याचें टांकें खणीत बसले, आणि मग मला म्हणाले, "धान्य कुठें ठेवायचं?" मीं पन्हाळ्याच्या अंबरखान्याची हकीकत सांगितली, १६६० सालीं सिद्दी जौहरचा वेढा महिनोगणती पडला होता, तेंहि सांगितलें. मुलें हातांतील माती तशीच ठेवून ऐकत राहिलीं. वर्गांत इतकी शांतता मला क्वचितच लाभली होती.

तेव्हां घरांतील मुलें असा खेळ खेळत असतील, तर दिवा मालविण्यापूर्वीं घटकाभर शेजारीं बसावें, आणि फौजेचा भात कोठून आला, एवढेंच त्यांस विचारावें, ही माझी विनंती आहे.