साहेबांचा 'सान' कुठे गेला?

टोकियोतल्या एखाद्या कचेरीत फोन वाजतो. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा माणूस. त्याला विभागप्रमुख तानाका हवे असतात. फोन उचलणारी मुलगी नुकतीच नोकरीला लागलेली. एरवी ती या साहेबांना 'तानाका-बुचो' म्हणते, म्हणजे नावामागे हुद्दा लावून. फोनवर मात्र सांगते, 'तानाका वा तादाइमा गाइशुत्सु शिते ओरिमासु.' तानाका सध्या बाहेर आहेत, एवढाच अर्थ. पण हुद्दा गळाला, 'सान'ही नाही, आणि 'ओरिमासु' हे क्रियापद स्वतःकडे कमीपणा घेण्याचं. आपल्याकडे नव्या कारकुनाने परक्यासमोर साहेबांना असं नुसत्या आडनावावर आणलं, तर त्याची हजेरी घेतली जाईल. तिथे 'तानाका-सान' म्हटलं तर घेतली जाते.

याचं कारण 'उची' आणि 'सोतो', आतले आणि बाहेरचे. बाहेरच्याशी बोलताना साहेबही 'आतले', म्हणजे बोलणाऱ्याच्याच बाजूचे. आपल्या माणसाचा मोठेपणा परक्यापुढे मिरवायचा नाही. म्हणून स्वतःची आई इतरांना सांगताना 'हाहा', दुसऱ्याची आई 'ओकाआसान'. घरात हाक मारताना मात्र आपल्याही आईला 'ओकाआसान'च.

गंमत पुढे आहे. त्याच कचेरीत तानाकांच्या पत्नीचा फोन आला, की साहेबांचा हुद्दा आणि आदरार्थी क्रियापद दोन्ही परत येतात. पत्नीच्या तुलनेत ते कंपनीचे कमी आणि तिचे जास्त. माणूस तोच, खुर्ची तीच. रेघ तेवढी सरकली.

ही रेघ नुसत्या शिष्टाचारात नाही, व्याकरणात मुरलेली आहे. आपलं काम 'देणे' या एका क्रियापदावर भागतं. जपानीत मी इतरांना दिलं तर 'आगेरु', कोणी मला दिलं तर 'कुरेरु'. मैत्रिणीने माझ्या धाकट्या बहिणीला पुस्तक दिलं, तरी 'कुरेरु'च. कारण बहीण माझ्या कुंपणाच्या आतली. वाक्य पुरं करायचं तर कोण आपलं, हे आधी ठरवावंच लागतं. मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' अशी वाटणी आहे, पण ती सर्वनामापाशीच थांबते.

मानवशास्त्रज्ञ नाकाने चिए यांनी १९६७ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात याचं मूळ समाजरचनेत शोधलं. त्यांनी भारतातही क्षेत्रकार्य केलं होतं, त्यामुळे तुलनेला आपला समाज हाताशी होता. त्यांच्या मते भारतात माणसाची ओळख जातीसारख्या अंगच्या गुणावरून ठरते. जपानी माणूस आधी आपली 'चौकट' सांगतो, म्हणजे कंपनी, शाळा, घर. पेशा नंतर. हे चित्र जरा जास्तच रेखीव आहे, असं मला वाटतं. पण तानाकांच्या फोनचं कोडं त्याने बरंच सुटतं.

शेजारच्या कोरियात हा प्रकार नाही. कोरियन माणूस परक्याशी बोलतानाही स्वतःच्या वडिलांना आदरार्थीच ठेवतो, आपल्यासारखाच. खुद्द जपानीतही पूर्वी आदर बराचसा व्यक्तीला चिकटलेला असे. जुन्या ग्रंथांत सम्राट स्वतःबद्दलही आदरार्थी रूपं वापरताना दिसतो. आतबाहेर पाहून बदलणारा आदर पुढे रुळला, आणि सगळीकडे सारखा रुळलाही नाही. क्योतोच्या बोलीत 'हारु' हा आदरप्रत्यय घरच्या माणसांनाही सहज लागतो, आणि तिथे त्याचं कोणाला काही वाटत नाही.