अभयाचा हिशेब

करबुडव्यांना अभय देण्याची प्रथा आपल्याकडे जुनीच आहे. १९५१, १९६५ व १९७५ साली दडविलेले उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याच्या योजना आल्या; १९८१ साली पैसा कोठून आला हे न विचारणारे बेअरर बाँड निघाले. १९९७ च्या योजनेत तर सुमारे ३३ हजार कोटी रुपये उघड झाले आणि तिजोरीत जवळजवळ १० हजार कोटींची भर पडली.

वरवर पाहता हे यशच. पण तेथे ३० टक्के कर भरला की दंड नाही, खटला नाही. जुने दागिने १९८७ च्या भावाने दाखविण्याचीही मुभा होती. उलट प्रामाणिक करदात्याने आदल्याच वर्षी वरच्या पायरीवर ४० टक्के भरले होते. शिक्षक-कारकुनांचा कर तर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जात होता.

बुडालेल्या महसुलापेक्षा यातून मिळणारा धडा अधिक महाग पडतो. उद्या माफी मिळणार असेल, तर आज कर कोण भरील? अशी योजना पुन्हा आणणार नाही, अशी ग्वाही सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिली होती. तरीही २०१६ मध्ये, ४५ टक्के आकारून का होईना, तोच दरवाजा पुन्हा उघडला.

आपण भ्रष्टाचाराला नावे ठेवतो आणि चार रुपये वाचतात म्हणून विनापावती खरेदीही करतो. या दुटप्पीपणाला वारंवारच्या माफीने बळच मिळते. वेळेवर कर भरणाऱ्यालाच आपण फसलो असे वाटू लागले, तर ती तूट कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.