बिनहत्यारी स्टॉर्मट्रूपर

‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची ॲक्शन फिगर केनर कंपनीने १९७८ मध्ये आणल्या आणि १९८५ मध्ये बंद केल्या. १९८३ चा तिसरा चित्रपट येऊन गेला, मुलांचे लक्ष उडाले. शेवटची खेप कमी खपली, म्हणूनच आज ती दुर्मीळ! त्यातला याक फेस तर अमेरिकेतल्या दुकानांत आलाच नाही.

जुनी फिगर घेताना आधी हात बघावा. नखाएवढी बंदूक मुलांनी बहुधा हरवलेली असते. नकली बंदुका आता सहज मिळतात. मामाने दिलेल्या माझ्या स्टॉर्मट्रूपरसाठी मी ती घेतलेली नाही. एकदा हातात बसवली, की पुढच्या मालकाला खरे कोण सांगणार? किट तपासणीत मात्र दोस्तांनी त्याला ‘शस्त्र गहाळ’ म्हणून तीनदा शिक्षा ठोठावली आहे.