थर्मोस्टॅट : बदलायचा कसा आणि बसवायचा कुठे?

विषय ऐकून काही जण म्हणतील, माधवनगरात थर्मोस्टॅटचं काय काम? आपल्याकडे घरं तापवावी लागत नाहीत. खरं आहे, पण पाणी तापवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नळाचं पाणी तसंच अंगावर घेणारे आपल्यात कितीसे निघतील? तेव्हा ज्याच्या घरी गीझर आहे, त्याच्या घरी थर्मोस्टॅट आहेच. शिवाय आपल्यापैकी काहींची मुलं थंड देशांत राहतात. तिथे तो भिंतीवर असतो आणि सगळं घर सांभाळतो. दोन्हीकडे तत्त्व एकच. म्हणून आज आपण गीझरपासून सुरुवात करू आणि शेवटी त्या भिंतीपर्यंत जाऊ.

बंबात नव्हता, मग गीझरला कशाला?

आपल्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. पाणी किती तापलं हे माणूस बोट घालून बघायचा आणि लाकूड पुढे-मागे सारायचा. म्हणजे थर्मोस्टॅट होताच, फक्त तो माणूस होता. माणूस विसरला तरी बंब उघडा असतो, पाणी उकळून वाफ बाहेर जाते, विषय संपला.

गीझर मात्र बंद भांडं आहे. त्यात पाणी तापतच राहिलं तर वाफेला वाट नसते, दाब वाढत जातो. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वरही पाणीच राहतं. पण टाकी फुटली की त्यातलं बरंचसं एका क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. म्हणून गीझरला तीन राखणदार दिलेले असतात. रोजचं काम थर्मोस्टॅट करतो. तो चुकला तर कटआउट वीज तोडतो. तोही चुकला तर दाबाचा व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो.

आत काय चालतं?

गीझरच्या थर्मोस्टॅटचा एक जुना, साधा प्रकार सळईचा. पितळेची नळी, तिच्या आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची काडी. पितळ तापलं की लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. इन्व्हार शोधणाऱ्या शार्ल गियोम यांना 1920 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अकरा इंची नळी वीस अंशांवरून साठवर गेली, तर पितळ किती वाढेल? सुमारे 0.2 मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर खटका पडतो आणि दोन हजार वॅटची कॉइल बंद होते.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, हा खटका आहे, ॲक्सिलरेटर नाही. बटण जास्तीत जास्तवर फिरवलं म्हणून पाणी लवकर तापत नाही. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला दोन किलोवॅटच्या कॉइलला साधारण अठरा मिनिटं लागणारच.

दुसरी गोष्ट आजच्या व्याख्यानाचं सार आहे. थर्मोस्टॅटला फक्त तो जिथे बसलाय तिथलं तापमान कळतं, बाकी काहीही नाही. बसवण्याचे सगळे नियम यातूनच निघतात.

गीझरचा थर्मोस्टॅट बदलताना

आधी दोष ओळखा. पाणी तापतच नसेल तर कॉइल जळलेली असेल, थर्मोस्टॅट उघडा राहिला असेल किंवा कटआउट पडला असेल. उलट दिवा विझतच नाही, टाकीतून खदखद ऐकू येते, नळातून वाफ येते, तर खटक्याचे पॉइंट चिकटलेत असं समजा. ताबडतोब वीज बंद करा आणि पाणी थंड होईपर्यंत गीझरला हात लावू नका.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण तो काय करतोय हे आपल्याला कळायला हवं.

वीज एमसीबीवरून बंद करायची, नुसत्या बटणावर विसंबायचं नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही आत फेज येत असतो. झाकण काढल्यावर टेस्टरने तपासायचं, आणि तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा.

नवा थर्मोस्टॅट जुन्याच्याच लांबीचा आणि तेवढ्याच ॲम्पिअरचा हवा. सळई तिच्या खोबणीत शेवटपर्यंत गेली पाहिजे. ती अर्धी बाहेर राहिली तर तिला पाण्याऐवजी हवेचं तापमान कळतं. तिला वाटतं पाणी अजून गार आहे, आणि आत पाणी उकळत असतं. बोअरच्या जड पाण्याने खोबणीवर क्षाराचा थर चढला तरी असंच होतं, निरोप उशिरा पोचतो. म्हणून बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी टाकी वेळच्या वेळी साफ करून घ्यावी.

स्क्रू घट्ट हवेत. नऊएक ॲम्पिअर वीज ढिल्या जोडातून गेली की तो जोड जळतो. अर्थिंगची तार परत जोडली का ते स्वतः बघा. गरम नळातून पाणी पडताना दिसल्यावरच गीझर चालू करा. साठ अंशांपुढे नेऊ नका. त्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांना त्याहूनही लवकर.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट

आता मुलांच्या घरी जाऊ. खोलीचा विजेवर चालणारा थर्मोस्टॅट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी आणला, 1883 साली त्यांना पेटंट मिळालं. तो कुठे लावायचा? तेच सूत्र लावून बघा. उन्हाच्या पट्ट्यात लावला तर त्याला वाटेल घर तापलं, आणि आतल्या खोलीत माणसं कुडकुडतील. गरम हवेच्या झरोक्यासमोर, स्वयंपाकघराशेजारी किंवा दिव्याखाली लावला तरी तीच गत. बाहेरच्या दारापाशी किंवा बाहेरच्या भिंतीवर लावला तर उलटं होतं, घर उकडेल आणि बिल वाढेल. म्हणून तो आतल्या भिंतीवर, जिथे माणसं जास्त वावरतात तिथे, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर लावतात. भिंतीतलं तारेचं भोकही बुजवायचं, नाहीतर पोकळीतली गार हवा थेट त्याच्यावर येते.

बदलताना तारेच्या रंगावर जाऊ नये, जुन्या पट्टीवर कुठल्या अक्षराला कुठली तार आहे ते बघावं. अमेरिकेत बहुतेक घरांत ही जोडणी चोवीस व्होल्टची असते, पण भिंतीलगतच्या विजेच्या हीटरला थेट 240 व्होल्ट असतात. ब्रिटनमध्येही बऱ्याचदा घरगुती दाबाची वीजच तिथे येते. जाड तारा दिसल्या की थांबावं आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

श्रोत्यांचे प्रश्न

*कटआउट सारखा पडतो. वायरमन म्हणतो तो काढून तारा थेट जोडू. चालेल का?*

नाही. कटआउट पडतोय म्हणजे तो काम करतोय आणि दोष बहुधा थर्मोस्टॅटमध्ये आहे. बटण एकदा दाबून बघा. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट बदला. नव्या थर्मोस्टॅटचे चार पैसे वाचवायला घरच्यांचा जीव टांगणीला लावू नका. थेट जोडणी आधीच झालेली असेल, तर आज घरी गेल्यावर गीझर बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत पाणी चुलीवर तापवा.

*जागा कमी म्हणून उभा गीझर आडवा टांगला तर?*

तोही प्रकार टाळा. उभ्या गीझरची कॉइल तळाशी असते, कारण गार पाणी खालीच येतं, आणि थर्मोस्टॅट तिच्या शेजारी. आडवा केला की पाण्याची पातळी बदलते, कॉइल किंवा सळई कोरडी पडू शकते. आडव्या जागेसाठी आडवा गीझर वेगळा मिळतो, तोच घ्या.