गिटारचा कारागीर पारखताना

पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण साधारणपणे ७० किलोंच्या घरात असतो, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगले की तारा बोटे ठेवायच्या पट्टीपासून वर उचलल्या जाऊन वाजवणे जड होते. अशा वेळी जाणकार कारागीर फ्रेट, म्हणजे पट्टीवरील धातूचे पडदे, लगेच घासायला घेत नाही. तो आधी वाद्य सुरात लावून मानेचा, म्हणजे लांब दांड्याचा, बाक पाहतो आणि बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजतो. मान वाकलेली असल्यास तो तिच्या आतील ट्रस रॉड नावाची सळई थोडी थोडी फिरवतो. मान सरळ असूनही तारा उंच असतील, तर घोडीवरील सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, खालून घासतो. म्हणून ग्राहकाने कारागिराला दोष नेमका कुठे आहे, काही चिकटवावे लागल्यास कोणता डिंक वापरला जाणार आहे आणि खर्च किती येईल, हे आधीच विचारावे. सतार-तंबोऱ्यासाठी ख्यात असलेल्या मिरजेतील कारागिराची लाकडावरील हुकमत निर्विवाद असली, तरी त्या वाद्यांत ट्रस रॉड नसल्याने त्याचा गिटारचा अनुभव स्वतंत्रपणे तपासणे इष्ट ठरते.