अकरावी कॉमर्स : गणित घ्यावे की चिटणिसाची कार्यपद्धती?



हा विषय खरे तर शेतकी खात्याचा नव्हे. पण जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला बांधावर गेले की पहिला प्रश्न बेण्याचा असतो आणि दुसरा, "साहेब, पोरगी कॉमर्सला जातेय, विषय कोणते घ्यावेत?" असा असतो. तेव्हा चार गोष्टी विचारून, पुस्तके चाळून येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज काढू. कॉमर्स म्हणजे सायन्स न मिळालेल्यांची जागा, असे पुष्कळ घरांत अजून मानतात. दुसऱ्या बाजूने, "आधी कॉमर्स करू, मग बघू शेतकीचे" असेही ऐकतो. ते जमत नाही. बी.एस्सी. कृषीला बारावी सायन्सच लागते. ज्यांच्या मुलांना शेतकी पदवी करायची आहे त्यांनी येथेच थांबून सायन्सचा विचार करावा.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावी कॉमर्सला इंग्रजी सक्तीचे. त्याशिवाय एक भाषा, किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान. मग पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे बहुतेक सगळीकडे असतात. खरा प्रश्न उरलेल्या एका जागेचा असतो. तेथे बहुधा गणित व संख्याशास्त्र घ्यायचे की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुले ज्याला एस.पी. म्हणतात ते, हे ठरवावे लागते. ही निवड पाच मिनिटांत, फॉर्म भरणाऱ्याच्या सल्ल्याने होते आणि पुढची पाच वर्षे तिची फळे भोगावी लागतात. अकरावीला घेतलेला विषय बारावीला मधेच बदलणे फार अवघड असते.

गेल्या काही वर्षांतलेच उदाहरण. आपल्या भागातील एका सभासदाच्या मुलीला दहावीला गणितात अडुसष्ट गुण होते. "गणिताने टक्केवारी पडते" असे कोणी सांगितले म्हणून एस.पी. घेतले. बारावीला गुणही झकास पडले. मग तिने सी.ए. व्हायचे ठरवले. सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेत शंभर गुणांचे चार पेपर असतात : हिशेब, व्यापारी कायदे, गणित-तर्क-संख्याशास्त्राचा एक आणि अर्थशास्त्र. प्रत्येकात किमान चाळीस टक्के आणि एकूण पन्नास टक्के लागतात. शेवटचे दोन पेपर पर्यायी उत्तरांचे असून चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. पोरगी हिशेबात पुढे, पण तिसऱ्या पेपरात दोनदा अडकली. दोन वर्षे सोडलेले गणित तिला पुन्हा मुळापासून शिकावे लागले. तिची हुशारी कुठे कमी नव्हती. वडील मला म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." म्हणून हे लिहितो आहे.

बी.कॉम.ला बारावीचे गणित नसले तरी प्रवेश मिळतो. बी.बी.ए., बी.एम.एस. यांना २०२४ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. तिच्यात इंग्रजी आणि तर्कशक्तीवर भर आहे. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे तर बारावीचे गणित लागतेच. गणित घेतलेल्या मुलाला पुढे नको वाटले तर ते सोडता येते. ज्याने घेतलेच नाही त्याला काही वाटा बंद होतात आणि काही वाटांवर दम लागतो.

"पण साहेब, गणित अवघड!" अहो, पुस्तक उघडून तर बघा. बारावी कॉमर्सच्या गणितात विकलन-संकलन आहे हे खरे. ते धडे जड आहेत, नाकारत नाही. पण त्याच पुस्तकात कमिशन-दलाली आहे, विमा आहे, वार्षिकी म्हणजे हप्त्यांचा हिशेब आहे, निर्देशांक आहे. कोणते काम कोणाला दिले की खर्च कमी, कोणते आधी आणि कोणते नंतर घेतले की वेळ वाचतो, यावरही एक धडा आहे. टोळ्या आणि गाड्या गटागटात वाटताना आम्ही हंगामभर हीच डोकेफोड करतो, फक्त कागदावर सूत्र नसते.

आणि उसाचा दर काढणे हे काय आहे? २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. उतारा त्यापेक्षा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा ११.४५ टक्के धरला तर बारा टप्पे वाढले, म्हणजे ४१ रुपये ५२ पैसे. क्विंटलला ३९६ रुपये ५२ पैसे, टनाला ३,९६५ रुपये २० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हे आपण पारावर बसून तोंडी करता. त्या घरातले मूल गणिताला भ्यावे याचे मला नवल वाटते.

एस.पी. वाईट, असे मात्र समजू नये. भाग, कर्जरोखे, लाभांश, सभासदांशी पत्रव्यवहार हे त्यात शिकवतात. कंपनी सेक्रेटरी व्हायचे असेल तर त्याचा उपयोग आहे. दहावीला गणितात कसेबसे पास झालेल्या मुलावर गणित लादू नये. चोपण जमिनीत कोणताही वाण लावून चालत नाही, तसेच हे. पण साठ-पासष्टच्या पुढे गुण असतील तर केवळ टक्केवारीच्या भीतीने गणित सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एक व्यवहाराची अडचण. ग्रामीण भागातील कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत कॉमर्सला गणिताची तुकडीच नसते. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, त्यात दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावे लागते, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव राहत नाही. तेव्हा पसंती भरण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन विचारा : गणित आहे का, शिकवायला मास्तर आहेत का? केवळ माहितीपुस्तिकेवर विसंबू नका.

दुसरे, माध्यमाचे. मराठीतून कॉमर्स जरूर शिकावे. पण सी.ए.ची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून द्यावी लागते. म्हणून घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, असे जोडशब्द पहिल्या दिवसापासून वहीत लिहायची सवय लावा.

वार्षिक सभेआधी कारखान्याचा अहवाल आपल्या घरी येतो. पुष्कळ ठिकाणी तो कपाटावर जातो. यंदा तो अकरावीच्या मुलापुढे ठेवा आणि आपले भागभांडवल ताळेबंदात कोणत्या बाजूला मांडले आहे, ते त्याला शोधायला सांगा.

— ऊस विकास अधिकारी